रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांना उत्तर कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी. संशोधनाचा पेपर जर्नलला पाठवून काही महिने झालेत, आणि संपादकांची मेल येते: 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा. खाली दोन रिव्ह्यूअरचे, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या त्याच विषयातल्या तज्ज्ञांचे, मिळून तीन-चार पानं शेरे. पहिल्यांदा पेपर लिहिणारे बरेच जण इथेच खचतात, फाइल बंद करतात आणि पुढे कित्येक आठवडे उघडत नाहीत. कृपा करून असं करू नका. पेपर नकोच असता, तर संपादकांनी सरळ 'रिजेक्ट' कळवलं असतं. सुधारून मागवलाय, म्हणजे त्यांना त्यात काहीतरी दिसलंय.

राग मात्र येतो. तो आइन्स्टाइनलाही आला होता. १९३६ साली त्यांनी नेथन रोझेन यांच्यासोबत एक पेपर 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला. दावा मोठा होता: गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाकडे तपासायला दिला आणि त्या तज्ज्ञाने गणितातली अडचण दाखवून दिली. छापण्याआधी पेपर दुसऱ्याला दाखवलाच कसा, म्हणून आइन्स्टाइननी तो परत घेतला. पण अडचण खरीच होती. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या जर्नलमध्ये आला, तेव्हा निष्कर्ष बदललेला होता.

म्हणून शेरे वाचा आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्या. मग नवीन फाइल उघडा. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, त्याला क्रमांक द्या, खाली उत्तर लिहा आणि पेपरमध्ये कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत काय बदललं ते सांगा. एकही शेरा गाळू नका, स्पेलिंगचासुद्धा.

आता एक शेरा जवळून बघू. समजा रिव्ह्यूअर म्हणतो, 'नमुना फार लहान आहे, निष्कर्षावर विश्वास कसा ठेवायचा?' यावर बरेच जण लिहितात, 'सूचनेबद्दल आभार. या क्षेत्रात एवढाच नमुना घेतात.' यात आभार आहेत, उत्तर नाही. त्याऐवजी असं लिहा: 'मुद्दा मान्य आहे. एवढ्या नमुन्यात किती लहान फरक पकडता येतो, याचं गणित आता पद्धती विभागात दिलं आहे. शीर्षकातला "सिद्ध होते" हा शब्द काढला आहे आणि ही मर्यादा चर्चेत स्पष्ट नोंदवली आहे.' नमुना वाढला नाही, पण दावा पुराव्याच्या मापात आला. रिव्ह्यूअरला बहुतेक वेळा हेच हवं असतं.

'रिव्ह्यूअरला कळलंच नाही' असं वाटलं, तर पेपरमधलं ते वाक्य पुन्हा वाचा. त्याच विषयातल्या माणसाचा गोंधळ झाला, तर पुढच्या वाचकाचाही होणार. नुसतं उत्तरात समजावू नका, मूळ वाक्यच बदला.

आणि हो, सगळं मान्य करायलाच हवं असं अजिबात नाही. मागितलेला प्रयोग तुमच्या प्रश्नाशी संबंधित नसेल, तर कारण देऊन, संदर्भ देऊन नाही म्हणा. दोन रिव्ह्यूअर परस्परविरोधी सांगत असतील, तर तुमची बाजू ठरवा आणि संपादकांना तसं कळवा, निर्णय त्यांचा असतो. कुणी विनाकारण स्वतःचेच पेपर उद्धृत करायला लावत असेल, तर तेही संपादकांच्या कानावर घाला.

खरी काळजी कधी करायची, तर शेरेच आले नाहीत तेव्हा. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नल्सना पाठवला. १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला. दोन-चार दिवसांत 'ॲक्सेप्टेड' आणि सोबत फीचं बिल, असं झालं तर तुमचा पेपर कुणी वाचलेलाच नाही, असं समजा.

आणि एवढं करूनही नकार आला, तर दुसरं जर्नल शोधा. आधीच्या ठिकाणाहून नकार येईपर्यंत मात्र थांबा, एकाच वेळी दोन ठिकाणी पेपर पाठवणं नियमाला धरून नाही. आणि जुने शेरे दुरुस्त केल्याशिवाय पुढे पाठवू नका. विषय छोटा असला की तज्ज्ञही मोजकेच असतात, तोच पेपर पुन्हा त्याच रिव्ह्यूअरच्या हातात पडू शकतो.