रोकड चालते तेव्हा आणि थांबते तेव्हा

मित्रहो, बँकेच्या दारात चिलखती गाडी थांबते, बंदूकधारी रखवालदार उतरतो आणि आपण नकळत बाजूला सरकतो. या धंद्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव असलेली ब्रिंक्स ही अमेरिकी कंपनी मात्र मुळात सामान वाहण्यातून उभी राहिली. १८५९ मध्ये शिकागोत पेरी ब्रिंक यांनी घोडागाडीतून रेल्वेच्या प्रवाशांच्या पेट्या हॉटेलांत पोचवायला सुरुवात केली. लोक विश्वासाने पेटी सोपवत, आणि तोच विश्वास पुढे भांडवल ठरला. १८९१ पासून कंपनी बँकांची रोकडही नेऊ लागली. कामगारांचे पगार तेव्हा रोखीने होत, त्यामुळे पगाराच्या थैल्या कधी आणि कुठून निघतात हे चोरांनाही ठाऊक असे. १९१७ मध्ये शिकागोत अशाच एका दरोड्यात कंपनीची दोन माणसे मारली गेली. चिलखती गाड्या आल्या त्या त्यानंतर.

गाडीचा पोलादी पत्रा नजरेत भरतो खरा, पण बँक पैसे मोजते ते जबाबदारीसाठी. सीलबंद थैलीच्या पावतीवर एकीकडे सही झाली की दुसरीकडे सही होईपर्यंत त्या रकमेचा जिम्मा वाहतूकदाराचा असतो. विम्याचा हप्ता, गाडी, डिझेल आणि माणसे यांचा खर्च एका फेरीत दहा ठिकाणे असोत की तीस, फारसा बदलत नाही. म्हणूनच एकाच शहरात जितकी गिऱ्हाइके जवळजवळ, तितका नफा अधिक, आणि म्हणूनच या धंद्यात मोठे मासे लहानांना गिळतात. २०२० मध्ये ब्रिंक्सने जी-फोर-एस या ब्रिटिश कंपनीचा रोकड-व्यवसाय बऱ्याच देशांत विकत घेतला, त्यामागेही हेच गणित होते.

आता बॉस्टनकडे वळू. १७ जानेवारी १९५० रोजी संध्याकाळी तिथल्या ब्रिंक्सच्या इमारतीत मुखवटे घातलेले सात जण शिरले आणि १२ लाख १८ हजार डॉलर रोख, शिवाय १५ लाखांहून अधिक रकमेचे चेक व तत्सम कागद घेऊन गेले. दारे फोडावी लागली नाहीत. त्याआधी रात्री येऊन त्यांनी कुलुपांचे गाभे काढून नेले होते, किल्ल्या करवून घेतल्या होत्या आणि गाभे परत जागेवर बसवले होते. एका कारखान्याच्या पगाराची पेटी उघडायला हत्यार आणले नव्हते, म्हणून तेवढी मागे राहिली! टोळीतल्याच एकाने कबुलीजबाब दिला तो जानेवारी १९५६ मध्ये, खटला भरण्याची मुदत संपायला काही दिवस उरले असताना. आठ जणांना जन्मठेप झाली, पण बहुतेक पैसा हाती लागला नाही.

२६ नोव्हेंबर १९८३ रोजी लंडनजवळ हीथ्रो विमानतळापाशी ब्रिंक्स-मॅट या ब्रिंक्सच्या भागीदारीतल्या कंपनीच्या गोदामात चोर शिरले ते आतल्याच रखवालदाराच्या मदतीने. अपेक्षा होती रोख रकमेची, हाती लागले सुमारे तीन टन सोने. किंमत साधारण २ कोटी ६० लाख पौंड.

दोन्ही प्रसंगांत पैसा गाडीत नव्हता, मोजणीच्या खोलीत किंवा गोदामात स्वस्थ पडून होता, आणि तिथे पोलादापेक्षा किल्ली कोणाच्या हाती आहे हेच महत्त्वाचे ठरले. एका किल्लीवर तिजोरी न उघडणे, दोन माणसांनी मिळूनच हात घालणे या शिस्तीचे मोल इथे कळते. आपल्याकडे गृहमंत्रालयाच्या २०१८ च्या नियमांनी एका गाडीने एका फेरीत पाच कोटी रुपयांहून अधिक नेऊ नये असे ठरवले, म्हणजे नुकसानीलाच मर्यादा घातली.

अलीकडे या कंपन्या दुकानातच नोटा मोजणारी तिजोरी बसवतात. दुकानदार गल्ल्यातील नोटा तिच्यात टाकतो, यंत्र त्या मोजून बँकेला कळवते आणि रक्कम खात्यात जमा होते. नोटा मात्र अजून दुकानातच असतात आणि गाडी यायला दोन दिवस असतात.