कुंडीतल्या पारंब्या

[सकाळ. रस्त्याकडेच्या वडाच्या पारंब्यांवरून कॅमेरा सावकाश खाली उतरतो.]

वडोदरा. वडाच्या नावाचं गाव. इ.स. ८१२ च्या ताम्रपटात ते 'वडपद्रक' म्हणून येतं. ज्येष्ठी पौर्णिमेला इथल्या मराठी बायका वडाला सूत गुंडाळतात, तेव्हा पारंब्या हाताने बाजूला सारत फेरे पूर्ण करतात. त्या पारंब्यांचं कुणालाच नवल वाटत नाही.

[दांडिया बाजारातलं जुनं घर. पहिल्या मजल्यावरची गॅलरी.]

पण तीच पारंबी घरातल्या कुंडीत दिसली, की जीव धसकतो. ही माझ्या मावशीची गॅलरी, आणि हा तिचा मॉन्स्टेरा, मोठ्या कातरलेल्या पानांचा शोभेचा वेल. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खोडातून तपकिरी दोऱ्या लोंबायला लागल्या. मावशी कात्री घेऊनच उभी होती. "हे काय रे वाढतंय? रोग तर नाही ना?"

नाही मावशी. ही मुळंच आहेत.

[जवळून: खोडाचं पेर, त्यातून फुटलेलं मूळ.]

पान खोडाला जिथे जुळतं, त्या पेरापाशी ती फुटतात. मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांतला, मोठ्या झाडांच्या अंगावर चढणारा. त्याची आखूड मुळं सालीला घट्ट धरतात, लांब मुळं जमिनीपर्यंत उतरून पाणी आणि पोषण ओढतात. गॅलरीत लोंबणारं हे मूळ साल शोधतंय. आपण त्याच्यासमोर गज आणि गुळगुळीत रंगवलेली भिंत ठेवली आहे.

आधार मिळाला की काय होतं, ते मनी प्लांट दाखवतो. आंब्याच्या खोडावर चढलेल्या मनी प्लांटचं पान सुपाएवढं होतं. तोच वेल बाटलीतून खाली सोडला, तर पान तळहाताएवढंच राहतं. आणि रबराचं झाड तर वडाचं भाऊबंद, दोघंही फायकस. दमट हवेत त्यालाही पारंब्या सुटतात.

[मावशी दांड्याला काथ्या गुंडाळते आहे.]

म्हणून कात्रीआधी दांडा. बांबू किंवा जाड पाइप, त्यावर काथ्याचे दाट वेढे. खोड सुती चिंधीने सैल बांधायचं आणि मुळांची तोंडं काथ्याकडे वळवायची. कोवळं मूळ वळतं. जून झालेलं कडक मूळ मोडतं, त्याच्याशी झटापट नको. खरी मेहनत काथ्या ओला ठेवण्याची. वडोदऱ्याच्या वैशाखात सकाळी भिजवलेला काथ्या दुपारी कोरडा ठणठणीत होतो, आणि कोरड्या काथ्यात मूळ शिरत नाही.

फार लांब गेलेलं मूळ कुंडीच्या मातीत उतरवा, नाहीतर पाण्याच्या बाटलीत सोडा. तिथे त्याला बारीक फाटे फुटतात. वाटेत येणारं एखादं स्वच्छ धारेच्या ब्लेडने कापलं तरी झाड दगावत नाही. चिकाने कातडी खाजते, तेवढे हातमोजे घाला. पण सगळी मुळं एका दमात छाटू नका. नवं रोप करायचं असेल, तर मूळ फुटलेलं पेरच घ्या, ते लवकर धरतं.

[ऑर्किडची रुपेरी मुळं. त्यांवर पाण्याचा फवारा.]

ऑर्किडला मात्र हा नियम लावू नका. वँडा या ऑर्किडची मुळं हवेतच राहायची. त्यांच्यावर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं. पाणी पडलं की ते पाणी शोषतं, पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. पाहा, आत्ताच बदलला. ही मुळं नीटनेटकी दिसावीत म्हणून मातीत दाबली, तर ती कुजतात.

जेड, म्हणजे जाड गरदार पानांचं रोप, त्याच्या खोडाला मुळं फुटली, तर एकदा कुंडीतली माती तपासा. दमट हवेनेही ती फुटतात, पण कधी माती फार कोरडी असते, कधी खालची मुळं सडलेली असतात.

[पुन्हा मावशीची गॅलरी. संध्याकाळ.]

कात्री आता खिळ्याला टांगली आहे. वरच्या पेरातून नवं मूळ निघालंय, टोक अजून कोवळं. मावशी काथ्यावर पाणी मारते, मग ते टोक बोटाने अलगद ओल्या काथ्याला टेकवते.