चुन्याचे पापुद्रे आणि पोलादाचा सांधा

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागाला ६.७ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. पोलादी सांगाड्यावर उभ्या असलेल्या अनेक इमारती बाहेरून धडधाकट दिसत होत्या. पुढे छताची आच्छादने उतरवून, सांध्यांवरचा अग्निरोधक लेप खरवडल्यावर मात्र तुळई खांबाला मिळते नेमक्या त्याच ठिकाणी तडे सापडू लागले, आणि काही तडे तर वेल्डपाशी न थांबता खांबाच्या पोलादात खोलवर शिरलेले होते.

या सांध्यात तुळईच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्लँज, खांबाला वेल्ड केलेल्या असतात, तर मधला उभा पत्रा, म्हणजे वेब, बोल्टांनी जोडलेला असतो. भूकंपात तुळई वाकेल आणि सांधा टिकेल, असा अभियंत्यांचा हिशेब होता. त्यामागे जुन्या चाचण्यांचा आधारही होता. फक्त त्या बऱ्याच लहान तुळयांवर झाल्या होत्या.

खालच्या फ्लँजचा वेल्ड जवळून पाहू. वेल्डर वरून काम करतो, पण वेब आड येत असल्याने त्याला प्रत्येक थर मध्येच थांबवून पलीकडून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि दोष राहतो तो बहुधा याच जागी. वितळलेला धातू खाली सांडू नये म्हणून लावलेली आधारपट्टी तशीच ठेवली जाई. ती पट्टी आणि खांब यांच्यातील बारीक फट म्हणजे तड्यासाठी आयतीच खाच.

त्यातच वेल्डच्या धातूला ताकद भरपूर असली, तरी चिवटपणा कमी होता. चिवटपणा मोजण्यासाठी १० मिलिमीटर जाडी-रुंदीच्या आणि ५५ मिलिमीटर लांबीच्या कांडीला २ मिलिमीटर खोल खाच पाडतात आणि लंबकाच्या एका फटक्यात ती मोडतात. नॉर्थरिजनंतर अशा वेल्डसाठी उणे २९ अंश सेल्सिअसला किमान २७ ज्यूल ऊर्जा शोषण्याची अट आली.

खरी परीक्षा मात्र पूर्ण आकाराच्या सांध्याची. खांब पक्का बांधून तुळईच्या मोकळ्या टोकाला हायड्रॉलिक जॅकने आळीपाळीने ढकलतात व ओढतात आणि दर काही आवर्तनांनी अंतर वाढवत नेतात. नमुन्याला आधी चुना फासलेला असतो. पोलाद ताणले जाऊन कायमचे वाकू लागले, की त्यावरची काळसर खपली सुटते आणि चुन्याचे पापुद्रे गळतात. कुठे गळले, हे साध्या डोळ्यांनीही दिसते. इतक्या महागड्या यंत्रसामग्रीत चुन्याने आपली जागा राखावी, याची मला गंमत वाटते.

भूकंपानंतर जुन्या पद्धतीचे सांधे असे तपासले, तेव्हा त्यांतील कित्येक फारसे न वाकताच वेल्डपाशी तुटले. त्यावरचा एक उपाय पचायला जड होता: खांबापासून थोड्या अंतरावर फ्लँजच्या दोन्ही कडा कमानीसारख्या कापून तुळई मुद्दाम कमजोर करायची. मजला ०.०४ रेडियन, म्हणजे ४ मीटर उंचीला १६ सेंटिमीटर, कलेपर्यंत सांध्याने तग धरावा, अशी कसोटी पुढे ठरली. असा नमुना जॅकखाली हलू लागला, की कापलेल्या भागावरचा चुना आधी उडतो, मग तिथली फ्लँज लाटेसारखी दुमडते, आणि खांबालगतच्या वेल्डवरची सफेदी बरीचशी तशीच राहते.