छापाखालचा छाप

मंडळी, जुनं नाणं घेऊन कुणी माझ्याकडे आलं की विचारतं, ‘किती जुनं?’ आणि जरा आवाज खाली आणून, ‘काय भाव येईल?’ मी उलट विचारतो, सापडलं कुठे, आणि सोबत आणखी काय होतं? याचं उत्तर शंभरात एखाद्याकडे असतं. ते का महत्त्वाचं, हे सांगायला जोगळटेंभीइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

जोगळटेंभी म्हणजे सिन्नर तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. तिथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. थोडीथोडकी नव्हे, तेरा हजारांवर नाणी! सगळी नहपानाची, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या शक राजाची; या राजांना क्षत्रप म्हणत. रुपयापेक्षा लहान, वजनाला दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. पण भाषा ग्रीक नाही बरं का, प्राकृतच ग्रीक लिपीत लिहिलंय. दुसरीकडे बाण आणि वज्र, भोवती तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठीत. एका नाण्यावर तीन लिप्या!

खरी गंमत पुढेच. यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसराच ठसा मारलेला आहे. एका बाजूला कमानींवर कमानी रचलेला डोंगर आणि ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’, म्हणजे ‘राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णीचं’. दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचं चलन वितळवलं नाही, त्याच्या तोंडावरच आपला छाप मारला. चांदी ओळखीची, वजन ठरलेलं, काम झटपट. शिवाय राज्य कुणाचं ते बाजारात आपोआप कळलं. त्यानं नेमका हाच विचार केला असेल असं माझं मत, बाकी काही नाही. नाशिकच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री त्याला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणते. आईचं कौतुक म्हणून ते बाजूला ठेवता आलं असतं. ही नऊ हजार नाणी बाजूला ठेवता येत नाहीत.

साठा एकत्र अभ्यासला गेला हे आपलं नशीब. स्कॉट नावाच्या पाद्र्यांनी तो तपासला, तेव्हा नहपानाचे चेहरे एकसारखे नाहीत, हे दिसलं. कुठे तरुण, कुठे म्हातारा, नाकंही वेगवेगळी. सुटं एक नाणं पाहून हे कळलं असतं? आणि साठ्यात नहपान आणि गौतमीपुत्र या दोघांच्या मधला तिसरा राजा नाही, म्हणजे एकानंतर थेट दुसराच आला, हे तर मुळीच कळलं नसतं.

आता असं नाणं खरं की खोटं, ते ओळखण्याबद्दल. वरचा ठसा बसताना खालचा चेपतो. पण पुरता मरत नाही. कमानीच्या कडेला कान दिसतो, केसांची रेघ दिसते, एखादं ग्रीक अक्षर अर्धं उरतं. साच्यात ओतून केलेल्या नकलेत वरचं आणि खालचं दोन्ही सारखंच मऊ, गुळगुळीत असतं; कडेला साच्याची शिवण किंवा घासल्याची खूण सापडते. सराफासारखं फरशीवर वाजवून मात्र बघू नका. दोन हजार वर्षांची चांदी ठिसूळ झालेली असते, तुकडा पडेल.

आणि चिंच! एका गृहस्थांनी असंच एक नाणं चिंचेनं घासून, वर राखुंडी लावून मला दाखवायला आणलं. आरशासारखं लखलखत होतं. खालची अक्षरं पार गेली होती, गौतमीपुत्राला जे जमलं नाही ते त्यांनी एका सकाळी केलं. शेतात काही सापडलं तर धुऊ नका, वाटून घेऊ नका. 1878च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं.

टेबलावर दोन नाणी आणि भिंग ठेवलंय. एकेकाने पुढे या. नाणं कडेला धरा, मधे बोट नको, आणि दिवा समोरून नाही, बाजूने धरा. खालचा चेहरा तेव्हाच दिसतो.