घर नागपूरचं, पण बारावी कुठची?

जूनची दुपार, पावसाचा पत्ता नाही, अन् सेतू केंद्राच्या लाईनीत एक काका उभे आहेत. हातात ती प्लास्टिकची बटणवाली फाईल, आत पोरीची टीसी, रेशन कार्ड, लाईट बिल अन् आधारच्या चार झेरॉक्स. विचारलं कशासाठी, तर म्हणे डोमिसाईल काढून राहिलो, पोरीला एमबीबीएसला लागते, एकदा हे हातात आलं की आपण इथले झालो, मग टेन्शन नाही.

सगळ्यांना हेच वाटते. मलाही वाटायचं.

आता हे डोमिसाईल म्हणजे काय, तर १५ वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचे पुरावे द्यायचे अन् वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला घ्यायचा. त्यानं तुम्ही महाराष्ट्राचे ठरता, बस. नागपूर, विदर्भ वगैरे त्याच्यात काही येत नाही.

एमबीबीएसचं बघा. सरकारी कॉलेजच्या १०० जागा धरल्या तर १५ ऑल इंडियाला जातात, ८५ राज्याच्या. मेडिकल चौकातलं मेडिकल असो की सेंट्रल एव्हेन्यूवरचं मेयो, हिशोब तोच. पण त्या ८५ मध्ये यायचं तर नुसतं डोमिसाईल पुरत नाही, दहावी अन् बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पास पाहिजे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या होणाऱ्यांच्या पोरांना वगैरे थोडी सूट आहे, बाकीच्यांना नाही.

माझ्या ओळखीतला एक पोट्टा आहे, घर बजाजनगरात, म्हणजे व्हीएनआयटी, आपल्या नागपूरची एनआयटी, केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज, पायी दहा मिनिटं. दहावीनंतर घरच्यांनी राजस्थानात कोट्याला पाठवला अन् बारावीचा फॉर्मही तिकडच्याच शाळेतून भरला, कारण क्लासवाल्यांनी सांगितलं की सोयीचं पडते. झालं. मेडिकलचा राज्य कोटा तर गेलाच, पण जेईईनंतर कळलं की व्हीएनआयटीतही तो बाहेरचा आहे. एनआयटीमध्ये अर्ध्या जागा होम स्टेटच्या असतात, अन् होम स्टेट म्हणजे घर कुठं ते नाही, बारावी कुठून पास झालात ते. म्हणजे हा राजस्थानचा! अन् त्याच्याच घरी वरच्या माळ्यावर भाड्यानं राहणारा बिहारचा पोरगा, ज्यानं बारावी नागपुरातून केली, तो महाराष्ट्राचा. चीटिंग नाही केली कोणी, नियमच तसा आहे. मला विचाराल तर हे आठवीतच सांगायला पाहिजे शाळेत.

मिहानमधल्या एम्सला अन् बुटीबोरीकडच्या ट्रिपल आयटीला तर ही भानगडच नाही, तिथं सगळा देश एका लिस्टीत, बाजूच्या घरात राहिलात तरी काही फायदा नाही.

खरी गंमत राज्याच्या इंजिनिअरिंग कॅपमध्ये, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्र प्रवेश फेरीत आहे. कटऑफची पीडीएफ उघडा, प्रत्येक कॉलमवर एक कोड दिसेल, जी ओपन एच, जी ओपन ओ, असं. ते शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, कॉलेज अन् बारावी एकाच विद्यापीठाच्या हद्दीत, ओ म्हणजे बाकीचे. विद्यापीठाशी जोडलेल्या बऱ्याच कॉलेजांत ही वाटणी ७० अन् ३०. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ चं, पण २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं अन् चंद्रपूर, गडचिरोली तिकडे गेले. तर आता नागभीडला बारावी झालेला पोरगा, नागपूरहून शंभरेक किलोमीटर, ज्याचा दवाखाना, खरेदी, क्लास सगळं नागपूर, तो इथं ओ. अन् देवरीचा, त्याच्याहून लांबचा, पण जिल्हा गोंदिया, म्हणून तो एच. एक रेघ सरकली की पोरगा या कॉलमातून त्या कॉलमात.

असं का, हे समजायला थोडं मागं जावं लागते. १९५३ च्या नागपूर करारातच लिहिलेलं आहे की तांत्रिक अन् व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल. मेडिकलला पुढं ७०:३० होतं, ७० टक्के जागा आपापल्या विभागाच्या पोरांना, विदर्भ, मराठवाडा अन् उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग. मराठवाड्यातून ओरड व्हायची की आमच्याकडे कॉलेजच कमी, मग आमचे ७० टक्के म्हणजे किती? सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ते काढूनच टाकलं. अन् पीजी मेडिकलमध्ये तर राहण्याच्या जागेवरून दिलेला कोटाच सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये घटनेविरुद्ध ठरवला.

अन् सौंसर, पांढुर्णा? घरात मराठी, पोळ्याला तोच तान्हा पोळा, बाजाराला नागपूर, १९५६ पर्यंत तर राज्यही एकच होतं अन् राजधानी नागपूर. आता मध्य प्रदेश. कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त भागातल्या मराठी पोरांसाठी कॅपमध्ये वेगळा टाईप ई ठेवलाय, चांगलंच आहे, पण या बाजूच्या मराठीला असा कोणता टाईप नाही, कारण इकडे वादच नाही कोणाचा.

तिकडे लाईन हळूहळू सरकून राहिली. मी काकांना सहज विचारलं, पोरीची दहावी कुठून झाली?

"सौंसरहून," काका म्हणाले. "आजीकडं होती ना दोन वर्षं, तिची तब्येत बरी नव्हती म्हणून. बारावी इथूनच आहे." मग फाईलीचं बटण लावता लावता थांबले. "काऊन, दहावीचंही पाहतात काय?"