एकाच पुठ्ठ्यातले सहा कप्पे

(दृश्य: टेबलावर चपटे पडलेले खोके. दोन हात त्याच्या कडा आत ढकलतात. खोके उभे राहते.)

टेबलावर चपट्या पडलेल्या या खोक्याच्या दोन कडा तळहातांनी एकमेकींकडे ढकलल्या, की चारही भिंती उभ्या राहतात आणि त्याच हालचालीत आतल्या पडद्याही आपापल्या जागी ताठ होतात. सहा कप्पे तयार होतात, पण त्यासाठी कोणी वरून पडदी घातलेली नसते, प्लास्टिकचा ट्रे बसवलेला नसतो आणि एकही सुटा तुकडा वापरलेला नसतो. इथे जे दिसते आहे, ते सगळे एका सलग पुठ्ठ्यातून कापलेले, दुमडलेले आणि चिकटवलेले आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहानशा शेडमध्ये, शेजारच्या लेथच्या आवाजात, या खोक्याची जुळणी होत गेली.

(दृश्य: गुऱ्हाळ. काहिलीतून वाफ्यात उतरणारा गूळ. लाकडी साचे.)

सुरुवात मात्र गुळापासून झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ तिथून दूरदूर जाऊ लागला. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. इथला गूळ म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो ३० किलोचा रवा, आणि शहरातल्या सदनिकेत तो रवा फोडायला जागाही नसते आणि खाणारी माणसेही नसतात. म्हणून करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाच्या मालकांनी साधा, सुंठ, वेलदोडा, तीळ, बडीशेप आणि आले अशा सहा प्रकारच्या, प्रत्येकी १०० ग्रॅमच्या वड्या काढायचे ठरवले. सहाही वड्या एका खोक्यात हव्यात, त्या एकमेकींवर आपटू नयेत, आणि खोक्यात प्लास्टिक नको, एवढीच त्यांची मागणी होती. १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या खोक्यांभोवती गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म देशभर बंद झाली. या गुऱ्हाळमालकांचे म्हणणे असे, की बाहेरची फिल्म काढून आत प्लास्टिकचाच ट्रे ठेवायचा, तर काय साधले?

गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो आणि तो ओलावा अडवणे पुठ्ठ्याचे काम नाही. म्हणून प्रत्येक वडीला स्वतंत्र वेष्टन आहे आणि खोक्याकडे फक्त वडीची जागा राखण्याचे काम आहे. ही वाटणी आधी करून घेतल्यामुळे पुढचा आराखडा पुष्कळच सोपा झाला.

(दृश्य: आराखडाकार ताई टेबलावर जुनी चंची उलगडतात.)

खोक्याचा आराखडा करणाऱ्या ताईंनी पहिल्या बैठकीला संगणकाऐवजी आजोबांची चंची आणली होती. पान, सुपारी, कात, चुना आणि तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे असलेली ही कापडी पिशवी उलगडली की सपाट पडते, गुंडाळली की मुठीत मावते, आणि तिचे सगळे कप्पे मूळ कापडाशी शिवणीनेच जोडलेले असतात. पुठ्ठ्याला शिवण घालता येत नाही, हा फरक मोठा आहे. कापड कुठेही वळते. पुठ्ठा मात्र जिथे क्रीझ, म्हणजे घडीची दाबलेली रेषा, पाडली असेल तिथेच वळतो, नाहीतर तडकतो.

आता हा पूर्ण उलगडलेला पुठ्ठा पाहा. डावीकडून उजवीकडे त्याचे सात पट्टे आहेत: मधली पडदी, अर्धी बाजू, पुढची भिंत, पूर्ण बाजू, मागची भिंत, पुन्हा अर्धी बाजू आणि पुन्हा मधली पडदी. साध्या खोक्यात शेवटी बोटभर रुंदीची चिकटपट्टी असते. इथे त्या पट्टीऐवजी दोन्ही टोकांना भिंतीएवढ्या लांब पडद्या वाढवल्या आहेत. दोन्ही टोके आत वळतात, खोक्याच्या मध्यरेषेवर एकमेकांना चिकटतात आणि खोक्याचे लांबीत दोन भाग होतात. प्रत्येक पडदीत दोन खिडक्या कापल्या आहेत. खिडकीचा तुकडा कापून फेकायचा नाही. एका कडेने तो पडदीला जोडलेला राहतो आणि दाराच्या फळीसारखा वळून समोरच्या भिंतीला जाऊन चिकटतो. एका पडदीच्या फळ्या पुढच्या भिंतीकडे जातात, दुसरीच्या मागच्या भिंतीकडे, आणि अशा रीतीने तीनाच्या दोन रांगा, म्हणजे सहा कप्पे पडतात.

यातली खरी गंमत चिकटवल्यानंतरची आहे. आडव्या फळ्यांची लांबी बाजूच्या भिंतीच्या बरोबर निम्मी, म्हणजे ४५ मिलिमीटर, ठेवली आहे आणि त्या बाजूच्या भिंतीला समांतर आहेत. त्यामुळे खोके तिरके करून चपटे केले, की बाजू जितकी कलते तितकीच प्रत्येक फळी कलते, कुठेही ओढ बसत नाही आणि सगळा डोलारा पुठ्ठ्याच्या थोड्याशा थरांएवढा पातळ होऊन पडतो. एखादी फळी मिलिमीटरभर जरी लांब झाली, तरी उभ्या खोक्याच्या भिंतीला बाक येतो. पहिल्या तीन डमींना, म्हणजे नमुन्याच्या खोक्यांना, तो आला होता. त्या अजून ताईंच्या कपाटावर आहेत.

(दृश्य: कागदावर आकडेमोड. पट्टी. लाल पेनने खोडलेला १८४.)

चौथ्या डमीत कप्पे नीट उघडले, आणि मग लक्षात आले की हे खोके छापताच येणार नाही. वडी ५७ मिलिमीटर लांब होती, म्हणून कप्पा ६१ चा आणि भिंत १८४ ची धरली होती. अशा चार लांब पट्ट्यांचे ७३६ मिलिमीटर, त्यांत पूर्ण बाजूचे ९० आणि दोन अर्ध्या बाजूंचे ९० मिळवले, की ९१६ होतात. बाजारात सहज मिळणारा पुठ्ठा २५ बाय ३६ इंचांचा असतो आणि ३६ इंच म्हणजे ९१४ मिलिमीटर. दोन मिलिमीटरसाठी सगळे अडले, आणि कडेच्या छाटणीला जागा सोडायची तर त्याहून अधिक कमी करायला हवे होते.

मोठा पुठ्ठा खास मागवता आला असता, पण त्यासाठी लागणारा किमान माल या गुऱ्हाळाच्या आवाक्याबाहेरचा होता. पडदी वेगळी कापून नंतर चिकटवावी, असेही कोणी सुचवले. ताईंनी ते मान्य केले नाही, आणि आमच्या मते योग्यच केले, कारण सुटा तुकडा एकदा आत शिरला की जुळणी दरवेळी भरणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहते. शेवटी तडजोड पुठ्ठ्याने केली नाही, गुळाने केली. गुऱ्हाळमालकांनी साच्याच्या आतल्या लांबीतून ३ मिलिमीटर कमी केले, वजन तेवढेच राहावे म्हणून वडीची जाडी ३० वरून सुमारे ३२ मिलिमीटर केली आणि कप्पा ५८ चा, भिंत १७४ ची झाली. पुन्हा बेरीज केली तेव्हा ती ८७६ आली. खोक्यासाठी साचा तासणारा सुतार आमच्या कॅमेऱ्यात आहे. त्याने रंधा मारताना एकदाही वर पाहिलेले नाही.

(दृश्य: पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा. ओले बोट. तुकडा हळूहळू वळतो.)

पुठ्ठा निवडताना ताई राखाडी पाठीचा डुप्लेक्स पुठ्ठा बाजूला ठेवतात. तो स्वस्त असतो, पण त्याची पाठ रद्दीच्या लगद्यातून येते आणि खाण्याच्या वस्तूशेजारी ती नको. त्यांनी घेतलेला पुठ्ठा नव्या लगद्याचा, ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला ३५० ग्रॅम) आणि जाडीला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा आहे. त्याचा ग्रेन, म्हणजे तंतूंची ठेवण, कुठल्या दिशेने आहे, हे पाहण्याची प्रेसवाल्यांची जुनी रीत म्हणजे तुकड्याची एक बाजू ओली करायची. ओल्या बाजूचे तंतू जाडीत फुगतात, तुकडा नळीसारखा वळतो, आणि नळी ज्या दिशेने लांब पडते ती ग्रेनची दिशा. या खोक्यात ग्रेन भिंतींच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे उभ्या क्रीझांना काटकोनात ठेवला आहे, त्यामुळे लांब भिंती बाहेर फुगत नाहीत.

(दृश्य: बर्च प्लायवुडची फळी. जिगसॉचे पाते. भुसा.)

आराखडा संगणकावर पूर्ण झाला, तरी मशीनला तो कळत नाही. मशीनला कळते ती डाय, म्हणजे कापण्याचा साचा. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडवर रेषा उमटवायच्या, त्या जिगसॉने कापायच्या आणि फटींत पोलादी पट्ट्या ठोकून बसवायच्या, हे काम डाय करणारे मेस्त्री गेली अनेक वर्षे करत आहेत. रेषा सलग कापली तर फळीचे तुकडेच पडतील, म्हणून मध्ये मध्ये लाकूड जोडलेले ठेवतात आणि पट्टीला त्या जागी खाच पाडतात. आज लेझरवर हीच फळी फार लवकर तयार होते, हे मान्य आहे. पण मेस्त्रींच्या हातातली पट्टी खिडकीच्या गोल कोपऱ्याला वळताना दिसू लागली आणि आमचा कॅमेरा तिथून हलला नाही.

कोपरा गोल ठेवण्याचे कारण पुठ्ठ्यात आहे. टोकदार कोपऱ्यात चीर सुरू होते आणि फळी वळली की पडदी पुढे फाटत जाते. ताईंच्या पहिल्या आराखड्यात हे कोपरे टोकदार होते. मेस्त्रींनी कागद हातात घेतला, पेन्सिलने चार ठिकाणी वाटोळे केले आणि एवढेच म्हणाले, "ताई, हितनं फाटतंय बघा."

कापणारी पट्टी २३.८ मिलिमीटर उंच असते. क्रीझ पाडणारी पट्टी पुठ्ठ्याच्या जाडीएवढी बुटकी, म्हणजे इथे २३.३ ची ठेवतात, आणि तिच्या समोर, खालच्या बाजूला, चॅनेल, म्हणजे पुठ्ठा दाबला जाण्यासाठीची खाच, बसवतात. चॅनेलची रुंदी काढायची रीत प्रेसमध्ये सर्वांना तोंडपाठ असते: पुठ्ठ्याच्या जाडीची दुप्पट आणि त्यात पट्टीची जाडी. अर्ध्या मिलिमीटरचा पुठ्ठा आणि ०.७१ मिलिमीटरची पट्टी, म्हणून चॅनेल १.७ च्या जवळपासचे. अरुंद चॅनेलमध्ये पुठ्ठा चिरतो, रुंद चॅनेलमध्ये घडी भोंगळ पडते.

(दृश्य: पंचिंग मशीनचा जबडा. उघडतो, मिटतो, उघडतो.)

कापणे आणि घडी पाडणे एकाच दाबात होते, ही आज साधी वाटणारी गोष्ट एका चुकीतून सापडली, असे सांगतात. १८७९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गेअर यांच्या छापखान्यात कागदी पिशव्यांना घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि घडीऐवजी पिशव्या कापल्या गेल्या. वाया गेलेल्या पिशव्यांवरून गेअर यांना सुचले, की दोन उंचींच्या पट्ट्या एकाच साच्यात बसवल्या तर दोन्ही कामे एका वेळी होतील. उद्यमनगरातला हा जबडा प्रत्येक मिटण्यात तेच करतो. पट्ट्यांच्या कडेला चिकटवलेले रबर पुठ्ठ्याला बाहेर ढकलते, आणि कापलेल्या खिडक्या लगेच सुटू नयेत म्हणून कापणाऱ्या पट्टीला केसाएवढ्या खाचा, म्हणजे निक, ठेवलेल्या असतात आणि तिथे पुठ्ठा जोडलेला राहतो. चहाच्या कपाशेजारी कचरा झटकणारे हात दिसतात, ते हेच जोड तोडत आहेत.

(दृश्य: पेस्टिंगचे टेबल. चार बायका. पांढऱ्या गोंदाची वाटी.)

पेस्टिंग, म्हणजे खोके चिकटवणे, हाताने होते. चारही फळ्यांच्या टोकांना ११ मिलिमीटरचा कान, म्हणजे चिकटवायची पट्टी, आहे. फळीवर गोंद फक्त त्या कानाला लावायचा, पुठ्ठा दुमडायचा, दुसरी बाजू दुमडायची आणि मधल्या दोन पडद्या गोंद लावून एकमेकींवर दाबायच्या. गोंदाचा एक थेंब फळीवर सांडला, तर ती फळी कधीच उघडत नाही. म्हणून टेबलाशी बसलेल्या मावशी ब्रश सोडून बोटानेच गोंद लावतात.

पहिली खेप इथेच फसली. छपाई ज्या प्रेसमध्ये झाली, तिथे पुठ्ठ्याच्या संपूर्ण दर्शनी बाजूवर व्हार्निश मारले गेले. मधल्या दोन पडद्या दर्शनी बाजूनेच एकमेकींना चिकटतात, आणि व्हार्निशवर हा गोंद धरत नाही. संध्याकाळी चिकटवलेली खोकी सकाळी मध्यभागी उकललेली होती. सूचना आराखड्यावर लिहिली होती, पण ती कोपऱ्यात आणि बारीक अक्षरांत होती, हेही इथे सांगायला हवे. आता नव्या आराखड्यावर त्या दोन पट्ट्यांवर आडव्या लाल रेघा आहेत आणि तिथे शाईही नाही, व्हार्निशही नाही.

साध्या खोक्यापेक्षा याला पुठ्ठा पुष्कळ जास्त लागतो, हातपेस्टिंगमुळे ते महागही पडते, आणि मावशींना मजुरी नगावर मिळते.

(दृश्य: गुऱ्हाळाच्या ओसरीवर वड्या भरणारे हात. मग पुन्हा शेड.)

भरण्याचे काम गुऱ्हाळाच्या ओसरीवर चालते. खोके ढकलून उभे करायचे, तळाच्या पाकळ्या एकमेकींत अडकवायच्या, सहा वड्या सोडायच्या आणि झाकणाची जीभ आत सारायची. आल्याच्या वडीला इतरांपेक्षा किंचित जास्त ओल असते, म्हणून ती कडेच्या कप्प्यात जाते.

इकडे शेडमध्ये मेस्त्रींनी तीच डाय पुन्हा टेबलावर घेतली आहे. पहिल्या खेपेत कान ८ मिलिमीटरचा होता, तो ११ चा कसा झाला ते आता दिसते: पकडीने जुनी पट्टी उपटली जाते, फळीत ३ मिलिमीटर पुढे नवी फट पडते, जुन्या फटीत लाकडाची चिंचोळी काडी ठोकून बसवली जाते. मेस्त्री फळीवर कान टेकून पट्टीला टिचकी मारतात आणि आवाज ऐकून हातोडा खाली ठेवतात.