दावा नेमका कुठे अडलाय? रोजनामा उघडा, कळेल

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा कोर्टात कुठल्याही पक्षकाराला विचारा, "काय झालं आज?" उत्तर ठरलेलं: "तारीख मिळाली." कशासाठी मिळाली, हे मात्र दहातल्या आठांना सांगता येत नाही.

मोबाईलमध्ये ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं ॲप घ्या. तुमच्या केसचा सीएनआर नंबर असतो, 16 आकडी-अक्षरी, तो टाका. आतापर्यंतची एकेक तारीख आणि त्या दिवशी काय घडलं, ते समोर येतं. हाच रोजनामा.

समजा, वडिलोपार्जित द्राक्षबागेचा वाटपाचा दावा आहे. सात प्रतिवादी, त्यातल्या एक आत्या लग्न होऊन सुरतला. पहिली कित्येक पानं एकच ओळ: समन्स बजावणी नाही. पत्ता जुना, बेलिफ (समन्स पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी) परत. इथे न्यायाधीश काय करणार? पत्ता तुम्हीच आणून द्यायचा. कोर्टाची परवानगी घेऊन समन्स स्वतः हातोहात बजावताही येतं. त्याला दस्ती समन्स म्हणतात.

मग कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर. 30 दिवसांत द्यायची, फार तर 90. पण सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये सांगितलं की अपवादात्मक परिस्थितीत त्यापुढेही सवलत देता येते. अपवादाचा रिवाज कसा होतो, ते तुम्हाला माहीतच आहे!

सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय. 'वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात आहेत' हे कारणही चालत नाही. तरी मुदतीचे अर्ज मंजूर होतात, कारण समोरचा हरकतच घेत नाही. उद्या त्यालाही मुदत लागणार असते ना! माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आणि ज्याच्या हातात मनाई हुकूम पडलाय, त्याला तर घाई नसतेच. तुमच्या वकिलांना स्पष्ट सांगा: हरकत घ्या, कॉस्ट (खर्चाची भरपाई) मागा.

एखादा पक्षकार वारला तर त्याचे वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आणा. ते राहिलं की विलंबमाफीचा अर्ज, त्यावर पुन्हा म्हणणं, पुन्हा तारखा.

न्यायाधीश कमी आहेत, हेही खरं. विधी आयोगाने 1987 मध्येच दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत म्हटलं होतं. आज त्याच्या निम्मेही नाहीत. ते आपल्या हातात नाही.

लोकअदालत आहे. तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, अपील नाही. चेक बाउन्स, अपघात भरपाई यांना उत्तम. वाटपात मात्र सातही जणांची सही हवी, सुरतच्या आत्यांसकट.

आणि हुकूमनामा (दाव्याच्या निकालाची डिक्री) झाला म्हणजे संपलं नाही. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप त्याच संहितेच्या कलम 54 प्रमाणे कलेक्टरकडे जातं. तिथून तहसील, मोजणी. तेव्हा पेढे वाटायच्या आधी वकिलांना विचारा, कागद कलेक्टर कचेरीत कधी पाठवताय?